गुरुवारची अर्धी बाटली

मी आणि माझी बायको हौसा, आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं असेल तर एक बियरची बाटली संपवली. लपवून काय करायचंय. गुरुवार होता. भोसरीत कारखान्यांना गुरुवारची सुट्टी, आणि मी रिटायर होऊन कैक वर्षं झाली तरी आमची सुट्टी गुरुवारचीच. तिनं गॅलरीत सतरंजी टाकली, स्टीलचे दोन पेले मांडले, अडकित्त्यानं हिरडा फोडला. एक तुकडा माझ्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या दाढेखाली धरला. मग मी बाटली उघडली. अर्धी तिला, अर्धी मला, मापून घेतल्यासारखी. पेला रिकामा करून ती म्हणाली, "बाटली भंगारवाल्याला द्या. गेल्या टायमासारखी जिन्यात ठिवू नका." मी हो म्हणालो आणि जिन्यातच ठेवली.

शनिवारी सकाळी ती दळण आणायला गेली. गिरणीच्या पायरीवर जरा बसते म्हणाली, ती उठलीच नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी लिहितोय, कारण शिनोलीच्या वरच्या आमच्या वाडीत राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं डोंगर उतरून आलेल्यांना, दोघांनाही हे कळलं पाहिजे.

आम्ही वाडी सोडली तेव्हा लग्नाला आठ महिने झाले होते. भात झोडून झालं होतं, हाताला काम नव्हतं. माझ्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक, तिच्या हातात तवा आणि परात. आई शिनोलीपर्यंत चालत आली. एसटी लांबून दिसली तशी तिनं हौसाच्या पदराला हिरड्याची पुरचुंडी बांधली. हिरडा आमच्या डोंगराचं फळ. कोवळं असताना गोळा करायचं, वाळवून विकायचं, औषधाला जातं. चघळलं की जीभ आवळून धरतं. आई म्हणाली, "परक्या गावचं पाणी बाधतंय. तोंडात काई घ्यायच्या आदी ह्याचा तुकडा चघळीत जा. दोघंबी." त्यावर ड्रायव्हरनं हॉर्न मारला. एवढाच निरोप.

भोसरीत मला फोर्जिंगला लावलं. भट्टीतून लोखंड बाहेर आलं की नुसता रंग बघून मी सांगायचो, झालं की अजून राहिलंय. साहेब मीटर लावून बघायचे आणि मग माझ्याकडं बघायचे. ही बढाई नाही, खरं आहे. डोळा तसा होता, जीभ पण तशी, असं मी सगळ्यांना सांगायचो.

सुरवातीला पगाराच्या दिवशी बाकीच्यांबरोबर मीही गुत्त्यावर जायचो. एका पगाराला हौसा थेट गुत्त्यात आली. आठ-दहा बाप्यांच्या मधी उभी राहून म्हणाली, "प्यायची तर घरात प्या. माझ्यादेखत प्या. गुरुवारी एक बियर, आन् त्यातली अर्धी माझी." माणसं हसली. मी नाही हसलो. उठलो आणि तिच्यामागं घरी आलो. त्या दिवसानंतर मी एकट्यानं कधी घोट घेतला नाही. लोक काय बोलायचे ते बोलले. ही बाई माहेरी हिरड्याच्या शेंड्यावर चढून फांदी हलवायची, खाली बाप्ये वेचायचे. ती गुत्त्याला भिणार होय?

बियर सगळीकडं मिळते तीच, स्वस्तातली. कारखान्यातले म्हणायचे, काय कडू पिता राव तुम्ही. मी म्हणायचो, तुमाला पारख नाही, नीट प्यालं तर ही मागनं गोड लागते. हौसा मान हलवायची आणि पदरात हसायची. मला वाटायचं, नवऱ्याचं कौतुक वाटतंय.

तिचं तेरावं झालं. पुढं तीन गुरुवार मी बाटली आणली नाही. चौथ्या गुरुवारी आणली, दोन पेले मांडले, सवयीनं दोन्ही भरले. घोट घेतला आणि थुंकला. कडू जहर.

मी तशीच बाटली घेऊन कोपऱ्यावरच्या बियर शॉपीत गेलो. तिथला गणेश आम्हाला वीस वर्षं ओळखतो. म्हटलं, "गण्या, काय ठेवलंय हे? माल बदलला का पाणी घालतोस?"

"काका, सील तुम्हीच तोडलं ना? पाणी कुठनं घालू, बुडातनं?"

दुसरी घेतली. ती पण तशीच. पुढच्या गुरुवारी तिसरी. मी दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हणालो. त्यानं नुसती बाटली बदलून दिली. तेच मला जास्त लागलं.

पोरगा म्हणाला, "नाना, वय झालं. जीभ जाते या वयात." तो चांगल्यासाठीच बोलला, पण त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर राहिना. जीभ गेली तर जाऊ दे, कान पण चाललेत. पण बियर पहिल्यापासून अशीच कडू असली तर? मग एवढ्या वर्षांत गॅलरीत बसून आम्ही जे गोड गोड म्हणत होतो, ते काय होतं? मी उगाच म्हणत होतो आणि ती माझं मन राखत होती? माणूस गेलं ते गेलंच. त्याच्यामागं ती गोडी पण खोटी निघावी, हे मला सोसवेना.

चैत्र सरता सरता वाडीला गेलो. थोरला भाऊ मागंच गेला, वहिनी एकटी असते. अंगणभर हिरडा वाळत घातलेला, पाय ठेवायला जागा नाही. मी ओट्यावर टेकलो, समोरच्या ढिगातला एक उचलून सवयीनं दाढेखाली धरला. वहिनीनं तांब्या दिला. पाणी प्यालो आणि तांब्या तसाच हातात राहिला.

पाणी गोड लागलं.

हे आमच्या डोंगरातल्या शेंबड्या पोराला पण ठाऊक असतं. हिरडा चघळायचा, वर पाणी प्यायचं, गोड लागतं. मी याच झाडांखाली वाढलो, आणि मलाच उमगलं नाही. एवढी वर्षं ती हातावर तुकडा ठेवायची, मी तोंडात टाकायचो, कधी त्याच्याकडं बघितलं पण नाही. ती गेल्यावर हातावर कोण ठेवणार? तिची चंची सुनेनं लुगड्यांबरोबर पेटीत ठेवली, तिच्यातच अडकित्ता, तिच्यातच हिरडा.

मी वहिनीला सगळं सांगितलं. बियरचं पण सांगितलं. वाटलं, तोंडाला पदर लावील.

"मला ठावं हाये," वहिनी म्हणाली. "दर साली हितनं पिशवी भरून न्यायची ती. म्हणायची, जाऊबाई, ह्याच्याबिगर त्यो मुताचा रंग माझ्या नरड्याखाली जायाचा न्हाई."

"मग मला का नाय सांगितलं?"

"तुमी जीभ लई मिरवायचा, भावजी. ती म्हणायची, भट्टीम्होरं दिसभर भाजून येत्यात. मिरवू द्या, त्येंचं त्येवढंच हाये."

मी हसलो. हसता हसता नाक गळायला लागलं, ते धोतरानं पुसलं.

वहिनी म्हणाली, "आता तिथं कोण हाये तुमचं? पोरगा कामाला, सून कामाला. ऱ्हावा हितंच. डोंगर काय तुमास्नी जड झालाय?"

डोंगर माझाच आहे. पण भोसरीच्या त्या गॅलरीला आमच्या डोंगराची चव कुणी आणली, तर हौसानं. शिनोलीतनं पदराला बांधून नेली, ती मरेपर्यंत संपू दिली नाही. आता पुरचुंडी न्यायची पाळी माझी.

"एका माणसाला चोर म्हणालोय," मी म्हणालो. "आदी ते निस्तरून येतो."

"मग पिशवी घिऊन जावा."

गुरुवारच होता. मधल्या गाडीनं निघून उन्हं उतरायला घरी पोचलो. पेटी उघडली, चंचीतला अडकित्ता काढला, हिरडा फोडला. दोन तुकडे केले. गणेशनं बदलून दिलेली बाटली तशीच पडली होती, ती उघडली. कडूपणा पार जात नाही, खोटं कशाला बोलू. पण घोट उतरला की मागनं गोडी येते, अगदी तीच. जीभ माझी शाबूत आहे. अर्धी प्यालो. हौसाच्या वाटची अर्धी, सून घरी आल्यावर तिच्यापुढं ठेवली. ती म्हणाली, "नाना, मी नाही पीत." म्हटलं, राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी बाटली घेऊन जिना उतरलो आणि आधी ती भंगारवाल्याच्या हातात दिली. मग शॉपीपुढं जाऊन उभा राहिलो. गणेश शटर वर करत होता. मला बघून म्हणाला, "काका, आता सकाळी सकाळी पण?"

"चोर म्हणालो ते चुकलं. हात पुढं कर."

त्याच्या हातावर तुकडा ठेवला. त्यानं चघळला, तोंड वेडंवाकडं केलं, मला शिवी घालायच्या बेतात होता. मी त्याचीच पाण्याची बाटली त्याच्यापुढं धरली. तो प्याला. थांबला. परत प्याला.

"काका, हे गोड कसं काय?"

"माझी बायको शिनोलीच्या वरची," मी म्हणालो.