बापूदादाचा सौर बंब

"बापू इन मोर," रोझ हिलहून वहिनीने फोनवर आमच्या बेटावरच्या बोलीत एवढंच सांगितलं. माझा चुलतभाऊ बापूदादा गेला... त्याला महिना होऊन गेला. तेव्हापासून जो तो त्याला थोर शास्त्रज्ञ म्हणतो आहे. मला ते जमणार नाही.

सत्तरच्या दशकात तो विलायतेहून शिकून आला तो नाक वर करूनच. सांत्र द फ्लाकजवळच्या आमच्या गावी आला की खुर्चीवर आधी रुमाल अंथरायचा. सरकारी नोकरीत असताना त्याने कॉम्प्युटरचा एक प्रोग्राम लिहिला. एखाद्या पृष्ठभागावरून कुठल्या रंगाचा प्रकाश किती परततो हे आकडे घातले, की तो पदार्थ प्रकाश किती वाकवतो, किती गिळतो ते त्यातून निघे. प्रोग्राम चांगला होता. मी भौतिकशास्त्र शिकवते, मला कळतं. पण प्रकाश मोजायच्या त्याच्या यंत्राला उष्णतेचे अदृश्य किरण मोजता येत नसत. तिथले आकडे माणसाने अंदाजाने भरायचे, आणि तो माणूस बापूदादा!

पुढे एका व्यापाऱ्याने छपरावरच्या सौर बंबांसाठी काळा लेप त्याच्याकडे तपासायला आणला. तो लेप ऊन शोषायचा आणि मिळालेली उष्णता तितक्याच उदारपणे आभाळाला परत करायचा. दादाने न मोजलेला भाग हवा तसा भरला आणि लेप उत्तम ठरवला.

"दादा, जे मोजलंच नाहीस त्याचे आकडे आले कुठून?" मी विचारलं.

"कॉम्प्युटरने काढलेत. तू आपली पोरांना पाढे शिकव."

पहिला बंब त्याने स्वतःच्या आईच्या, माझ्या काकीच्या, छपरावर बसवला. पाणी कोमटाच्या पुढे जाईना. काकी मात्र शेजारणींना सांगायची, "बापूच्या मासिनातलं पाणी लय गरम!" आणि तो आला की पहाटे उठून मागच्या चुलीवर त्याच्यासाठी गुपचूप पाणी तापवायची.

एकदा ऐन थंडीत तो त्या व्यापाऱ्यालाच घेऊन मुक्कामी आला. सकाळी मी काकीजवळ चुलीपाशी होते. दार उघडलं. दादा, खांद्यावर टॉवेल. त्याने जाळ पाहिला, हंडा पाहिला, काकीचे काळे हात पाहिले. काकी चोरी पकडल्यासारखी उठली. "बापू, ते... काल ढग व्हतं ना..." त्याने दार हळूच लोटून घेतलं. मग न्हाणीतून हाक आली, "आई, झालं का?" म्हातारीने बादली उचलून नेऊन दिली. थोड्या वेळाने हा व्हरांड्यात उभा राहून व्यापाऱ्याला म्हणतो, "बघा, अंगातून अजून वाफ निघतेय!"

इतका क्षुद्र माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तेराव्यानंतर मी बंब उतरवायला माणूस बोलावला. काकीने शिडीच धरून ठेवली.

"ऱ्हाऊ दे गो. तापत न्हाय ते मला पयल्या दिवसापास्नं ठावं हाय. पर वर चढून त्यानं सोताच्या हातानं बसवला. माझ्यासाठी त्यानं दुसरं काय केलं सांग?"

मी माणसाला परत पाठवलं... बंब तिथेच आहे.