पूजेतला पाना

सर्जेराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या मंडईत पावट्याच्या शेंगा निवडत होतो. "काका, आबा गेलं," एवढंच त्याची लेक म्हणाली आणि फोन तिच्या हातून कुणीतरी घेतला. शेंगा तशाच पिशवीत टाकून मी बाजूच्या कट्ट्यावर बसलो. खरं तेच लिहायचं असं ठरवून बसलोय, म्हणून लिहितो. त्या क्षणी मला दुःखाआधी दुसरंच काहीतरी वाटलं. आता तो मला कधीच विचारणार नाही, असं वाटलं... आणि हे वाटल्याची लाज मागाहून आली. लहानपणापासूनच्या मित्राच्या मरणाची बातमी ऐकून ज्याला पहिल्यांदा सुटल्यासारखं होतं, त्यानं मित्रावर स्मृतिलेख लिहावा का? महिनाभरापूर्वी मी नाही म्हणालो असतो.

त्या फोनच्या थोडेच दिवस आधी सांगलीच्या दवाखान्यात त्याला भेटून आलो होतो. हृदयाचं दुखणं होतं, नाकाला नळी होती, तरी जीभ जाग्यावर होती. मला दारात बघितल्याबरोबर म्हणाला, "या सायब. साताऱ्यास्नं सांगलीला यायला पासपोर्ट लागतुय व्हय रं?" मी हसलो, संत्री ठेवली, रजा मिळत नाही वगैरे नेहमीचं बोललो. निघताना त्यानं माझं मनगट धरलं. "गड्या, गाडीत तेल अजून तुजंच हाय बघ. तवाचं." मी नुसती मान हलवली. त्याला पुढं काही बोलायचं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की त्याला सगळं ठाऊक आहे, आणि मी जिना जवळजवळ पळतच उतरलो.

ते 'तवाचं' काय, ते सांगतो. कडेगावजवळच्या एका गावात आमची दोघांची घरं समोरासमोर. सर्जाचे वडील फौजी, दोन चुलते फौजी, आणि सर्जाही भरतीत धावून पहिल्या झटक्यात पास झालेला. कागद यायचा तेवढा बाकी होता. त्याच्या वडिलांनी पेन्शनीतून एक जुनी मोटारसायकल घेतली होती. ती चालवायचा सर्जा आणि तिची देखभाल करायचो मी, कारण सुट्टीत मलकापूरच्या एका गॅरेजात राबून मी थोडंफार शिकलो होतो. गावात मला 'मिस्त्री' म्हणत, आणि मला ते आवडायचं. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात गाडीचं तेल बदलायला बसलो. जुनं तेल घमेल्यात काढलं, इंजिनाच्या बुडाचा बोल्ट हातानं फिरवून बसवला, नवं तेल ओतलं. आता पान्यानं शेवटचा पीळ द्यायचा, तेवढ्यात सर्जाची आई आली. "आण तो पाना हिकडं. हत्यारं मांडायची हायत. उद्याच्याला शोधत बसू का मी?" कोयता, खुरपं, विळा, नांगराचा फाळ असं सगळं धुऊन पाटावर मांडलं होतं. त्यांच्या शेजारी पाना गेला. त्या घरचा दंडक कडक. एकदा हत्यार पाटावर गेलं, की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही, त्यालाही विसावा असतो. मी काकींना 'थांबा' म्हणालो नाही. सर्जाला सांगू, दुसरा पाना आणू, असं म्हणत हात धुतले. घरी गेलो, जेवलो, विसरलो.

दसऱ्याला सकाळी सर्जा औंधला यमाईच्या दर्शनाला निघाला. उतारावर मागचं चाक एकदम जाम झालं आणि तो फेकला गेला. गुडघा असा मोडला की पुन्हा वाकलाच नाही. भरतीचा कागद आला तेव्हा त्याचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. चाक जाम झालं एवढं ऐकल्यावर मला बाकीचं कुणी सांगायची गरजच नव्हती. बोल्ट सैल, तेल वाटेत सांडून गेलं, कोरडं इंजिन तापून जाम झालं, चाक अडकलं. गॅरेजात शिकलेलं सगळं माझ्याच विरुद्ध साक्षीला उभं राहिलं. गाडी टेम्पोतून आणून गोठ्यामागच्या पत्र्याखाली उभी केली. कुणी उघडून बघू म्हणालं, की सर्जाच अडवायचा. "ऱ्हाऊ दे. हात लावायचा न्हाई तिला." मला वाटायचं, हा मला वाचवतोय. आणि अशी मेहेरबानी सोसणं शिवी खाण्यापेक्षा अवघड असतं.

मी साताऱ्याला नोकरी धरली आणि त्यानंतर पाना हातात घेतला नाही. बायकोला वाटतं, मला साधी सायकलची चेनही बसवता येत नाही. सर्जानं गावात दूध संकलन केंद्र काढलं. पाय लांब करून खुर्चीत बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवायचा. "आमच्या घरची सगळी बार्डरवर, आन् मी म्हशीच्या पिछाडीला," असं स्वतःवरच म्हणून मोठ्यानं हसायचा. लग्नाच्या पंगतीत त्याला मांडी घालता यायची नाही, म्हणून खुर्ची मागवली जायची. तो हटकून माझ्याशेजारी ती ठेवायला लावायचा आणि वरून माझ्या पानात जिलेबी टाकायचा. मी खाली मान घालून जेवायचो. माझ्या वडिलांच्या दहाव्याला सगळ्यांच्या आधी तो आला होता. मी मात्र त्याच्या घरी जायचो ते सणासुदीला, उंबऱ्यावरच चहा पिऊन परतायचो. गोठ्याकडे पाहायचं टाळायचो. 'साताऱ्याचं वारं लागलं' असं लोक म्हणायचे, आणि ते मला सोयीचंच होतं.

तो गेल्यावर महिन्याभरानं सुमनवहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला. त्यांचा भाऊ ती गाडी दुरुस्त करायला नेणार होता. टेम्पोत आडवी टाकायची, तर आतलं तेल सांडेल, ते आधी काढायला हवं. "तुमीच या भावजी. दुसऱ्या कुणी हात लावल्यालं त्येस्नी चाललं नसतं." तेल असेल तर सांडेल ना, असं माझ्या ओठावर आलं होतं. मी गेलो. का गेलो ते खरंच सांगतो, माझ्याआधी त्यांच्या भावानं ते कोरडं इंजिन उघडावं, हे मला नको होतं.

पत्रा सरकवला. धूळ, कोंबड्यांची पिसं, टायर खाली बसलेले. गोणपाट टाकून मी गाडीखाली आडवा झालो, आणि या वयात आडवं होणं म्हणजे काय ते माझ्या कमरेला विचारा. सोबत आणलेला पाना बोल्टला लावला. सैल बोल्ट सुटायला काय लागतं... बोल्ट हलला नाही. पुन्हा जोर केला. खाली झोपून फिरवताना डाव्या-उजव्याचा घोळ होतो, म्हणून थांबून दिशा तपासली. बरोबर होती. पाना घसरला, बोटाची सालं निघाली, बोल्टचा एक कोपरा गुळगुळीत झाला. रॉकेल सोडून वाट पाहिली, हातोडीनं ठोकून पाहिलं. काही नाही. हातानं बसवलेला बोल्ट गंजून धरलाही असेल, असं मी स्वतःला बजावत होतो. उगाच आशा लावून घ्यायची नव्हती.

वहिनी वाकून बघत होत्या. "न्हाई व्हायचं भावजी. त्येनीच आवळलाय त्यो."

"कुणी?"

"आवं, तुमच्या दोस्तानं. दसऱ्याच्या दिशी पहाटंचं. गाडीखाली तेलाचा ठिपका दिसला म्हनं. बोल्ट सैल ऱ्हायलेला. आत्याबाई उठायच्या आदी पूजंतला पाना उचलला, आवळला, आन् परत हाय तसा ठिवून दिला. फुलासकट. आन् तसंच देवीला निघालं, आन् पडलं. पूजंतल्या हत्याराला शिवलो म्हणून देवीनं पाडलं, असंच म्हणायचं शेवटपतूर. आत्याबाईस्नी कळू दिलं न्हाई. मला बी लगीन झाल्यावर लय वर्सांनी सांगितलं."

मी गाडीखालूनच म्हणालो, "वहिनी, तो सैल माझ्याच हातून राहिला होता." आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो.

"मग? ते बी ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "त्येनी आवळला न्हवं? झालं की. पानी तापवू का? टोपण घट्ट बसलं तर आमी तरी बरणीवर कढत पानीच वततो."

न्हाणीतला बंब पेटवून त्यांनी कढत पाणी आणलं, आणि येताना देवघरातून एक पाना आणला. तोच. सर्जानं तो परत कधी वापरला नव्हता. दर खंडेनवमीला तेवढा काढायचा, इतरांपेक्षा दुप्पट कुंकू लावायचा आणि फडक्यात गुंडाळून ठेवायचा. बोल्टवर पाणी ओतलं, वाफ निघाली. पाना चपखल बसला. दांड्याला पाइप घालून मी अंगाचा सगळा भार दिला. 'कट्' असा आवाज झाला, बंदुकीच्या चापासारखा. मग बोल्ट बोटांनीच फिरला, आणि तेल आलं. काळं, दाट, काकवीसारखं, संथ... घमेल्यात पडतच राहिलं. मी ओतलेलं सगळं तेल त्यात होतं. घमेल्याचा काठ धरून मी बघत बसलो. माझ्या तोंडावर तेल उडालं होतं, त्यामुळं डोळे पुसले तरी वहिनींना काही वेगळं वाटलं नसावं.

नंतर चेनचं कव्हर काढलं. जुनी झिजलेली चेन तुटून पुढच्या दातेरी चक्रापाशी गोळा होऊन अडकली होती. चाक तिनं धरलं होतं. माझ्या बोल्टानं नाही, त्याच्या देवीनंही नाही. एवढंसं लोखंड बघायला आम्ही दोघांपैकी कुणी पत्र्याखाली गेलो नाही. मी त्याच्या भीतीनं, तो देवीच्या. मी सुटलो, आणि सुटल्याचा आनंद लपवणार नाही. त्या रात्री साताऱ्याला येऊन मी पोटभर जेवलो. फक्त एकच राहिलं. दवाखान्यात त्यानं मनगट धरलं तेव्हा दोन मिनिटं बसून बोललो असतो, तर तेव्हाच गाडी उघडून त्यालाही सोडवता आलं असतं.

निघण्याआधी बोल्ट पुसून जागेवर बसवला, आधी हातानं. मग तो पाना घेतला.

"आता कशाला आवळताय?" वहिनी म्हणाल्या. "तेल तर काढलं की."

"असू दे," मी म्हणालो, आणि शेवटचा पीळ दिला. पुरेसा, त्याच्यासारखा अघोरी नाही. पाना पुसायला गेलो तर दांड्यावरचं कुंकू तेलात कालवून माझ्या तळव्याला लागलं होतं. मी तो तसाच फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवायला वहिनींकडे दिला. येत्या खंडेनवमीला त्याला पाटावर मांडायला मी जाणार आहे. या खेपेला उंबऱ्याच्या आत.