मोगऱ्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात

माझी पाच वर्षांची नात स्पेनमध्ये वाढते. सूनबाई तिकडचीच, त्यामुळे पोरीच्या तोंडात स्पॅनिशच. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तिला माझ्या मागची जास्वंद दिसली. तिनं काहीतरी विचारलं. मला ओ की ठो कळलं नाही. मी आपली "हो बाळा, हो" म्हणत राहिले. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा "हो". मग ती फोन टेबलावर ठेवून निघून गेली आणि मी त्यांच्या घराचं छत बघत बसले.

तेव्हाच ठरवलं, निदान गच्चीवरच्या कुंड्यांतल्या फुलांची नावं तरी शिकायची. मुलानं फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. त्या ॲपनं माझा जीव खाल्ला. सूर्यफूल म्हणजे 'खिरासोल'. लिहायचं ग, म्हणायचं ख, तेही घशातून. मी म्हणायचे, ते म्हणायचं पुन्हा म्हणा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पहाटेच काय ती हवा बरी असते, म्हणून मी झाडांना पाणी घालताना घोकायचे. तिसऱ्या दिवशी हे वर आले.

"किती खाकरतीस! काढा करू का?"

"स्पॅनिश शिकतेय मी."

"मग दोन लवंगा जास्त टाकतो की."

त्यात लिंगाची कटकट. गुलाब आपल्याकडे तो, तिकडे ती, म्हणून नावाआधी 'ला' लावायचं. शेवंती आपल्याकडे ती, तिकडे तो. जन्मभर शाळेत मराठीचं व्याकरण शिकवलं मी, आणि या वयात ॲपच्या लाल फुल्या खात होते.

पुढच्या महिन्यात एका रविवारी फोन कुंड्यांकडे वळवला आणि धडाधड नावं म्हटली. नात खिदळली. जास्वंदीला मी 'हिबिस्को' म्हटलं, तिनं 'इबिस्को' करून घेतलं. तिथवर ठीक होतं. मग तिनं मोगऱ्याकडे बोट केलं. ॲपात मोगरा नव्हताच.

मुलगा मागून म्हणाला, "आई, खास्मीन म्हण."

"खास्मीन म्हणजे जाई ना?"

"जाई, जुई, सायली, मोगरा, इथं सगळ्याला तेच."

"अरे, वास तरी घेतात का ही माणसं?" मी इतकी चिडले की पाण्याचा मग आपटला. "बाळा, हा मोगरा. म्हण, मोगरा."

"ला मोगरा," ती म्हणाली.

"ला नाही, तो! तो मोगरा!"

मुलानं तिला ते समजावलं. तिनं मान हलवली. स्पॅनिशमध्ये फूल ती असतं, म्हणून मोगराही ती, असं तिचं म्हणणं.

"तो!"

"ला!"

तिकडून सूनबाई जेवायला हाका मारत होती. पोरगी हलेना. मीही हलले नाही. खालून हे ओरडले, "अगं, कुणाशी भांडतीस?"

"तुमच्या नातीशी!" मी म्हटलं. "आणि ती ऐकत नाहीये!"