खेळ कसा हाय ते आमाला इचारा!

साखर कारखान्याच्या मागं बगॅसचा ढीग असतो बगा, उसाचा चोथा. दिसभर बॉयलरात घाला, ढीग हाय तेवढाच! आमच्या क्लबाच्या किश्शांचं तसंच हाय. एक सांगून मोकळं व्हावं तर त्याच्या खालनं दुसरा वर येतो. आन् माझं तोंड म्हंजी बॉयलरच. एकदा पेटलं की सीझन संपल्याबिगर इझत न्हाई.

बेलापूरच्या अलीकडं आमचा कारखाना. चाळीपुढं कामगारांचा क्लब, म्हंजी एक मोठा हाल. वर दोन पंखे, खाली गार फरशी. मी तिथं झाडायला. दुसरीपतूर शिकले. तिसरीत मास्तरांच्या खुर्चीवर खाजकुयली टाकली, तवा शाळा सुटली ती सुटलीच!

रेशनवरची तांबडी अमेरिकेची मिलो ज्वारी खायचं साल हुतं त्ये. पानी न्हाई, ऊस कमी. चाळीचे पत्रे दुपारी तव्यावानी तापायचे. बाप्ये शिफ्टला, बाया घरात भाजत. आन् हाल? बारा ते चार कुलपात!

मी वेल्फेअर साहेबाला म्हनले, "साहेब, आठवड्यातनं एक दुपार, बुधवारची, आमा बायांला हालमंदी बसू द्या."

साहेब पुन्याचा, नवा, मिशी बी नीट फुटली नव्हती. म्हनला, "आक्का, क्लब सभासदांचा. ते कमिटी ठरवेल."

"कमिटी कवा बसनार?"

"सीझन संपल्यावर."

म्हनलं बरं. तवर तुझा जीव खाते!

*

नगरचा एक दुकानदार नवे नवे खेळ पंधरा दिस वापरायला द्यायचा. पसंत पडला तर ठेवायचा, न्हाई तर परत. खेळ कसा वाटला त्ये सभासदांनी एका वहीत लिवायचं. वहीवर साहेबानं झोकात अक्षर काढल्यालं, 'अभिप्राय'.

पयला खेळ आला. आठ दिसांनी झाडता झाडता मी वही उघडली. अकरा अभिप्राय! 'उत्तम.' 'अतिउत्तम.' 'फारच उत्तम, मनोरंजन झाले.'

आन् खोकं कुठं? टेबलावर. दुकानदारानं मारलेली सुतळीची गाठ जशीच्या तशी!

मी पेन्सिल घेतली आन् खाली लिवलं, 'सुतळी चांगली हाय. आत काय हाय त्ये अजून कुनी बगितलं न्हाई. साळूबाई झाडूवाली.'

दुसऱ्या दिवशी साहेब लालबुंद. मला वाटलं, आता झाडू गेला हातातनं. पन पोरगं शहानं निघालं. म्हनलं, "आक्का, खरं लिहिणाऱ्या तुम्हीच एकट्या दिसता. रोज झाडायच्या वेळी अर्धा तास खेळून बघा. दोघी-तिघी या. पण फरशीवर बसा, खुर्च्या सभासदांच्या आहेत. आणि कमिटीला कळलं तर मी तुम्हाला ओळखत नाही."

मी म्हनले, "आमी तरी तुमाला कुठं वळखतो!"

*

तवा आमी तिघी झालो. एक मी. दुसरी हौसा, कँटीनात भाकरी थापायची. हिच्या जिभेला हाड न्हाई. तिसरी शेवंता, क्रेनवाल्याची बायकू, सात लेकरांची आई. ही दिसाला चार शब्द बोलायची, त्यातले दोन लेकरांवर वरडायला जायचे.

सुतळी सोडली. आतनं फळी निघाली. फळीवर खिळेच खिळे, बाजूला स्प्रिंगची दांडी. दांडी वढून सोडली की लोखंडाची गोळी वर जाती आन् खिळ्यांवर आपटत आपटत खाली येती. जिथं अडकंल तेवढे मार्क.

हौसा म्हनली, "ह्यात खेळनारानं काय करायचं?"

"दांडी वढायची."

"आन् मंग?"

"मंग गोळी कुठं जाती त्ये बगत बसायचं."

"अगं मंग त्यो खेळ कसला? लगीनच झालं की!"

मला काय सुचलं, वर्कशॉपातल्या फिटरकडनं चुंबकाचा तुकडा मागून आनला. फळीच्या खालनं, शून्याच्या खड्ड्यापाशी, बांधून टाकला. संध्याकाळी साहेब सभासदांना म्हनला, "बघा, कसं खेळायचं." पयली गोळी शून्यात. दुसरी शून्यात. सात गोळ्या, साती शून्यात! साहेबानं फळी हलवली, फुंकर मारली, चष्मा पुसला. मी कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून झाडत हुते.

वहीत लिवलं, 'खेळ चांगला. मानूस वळखतो.'

*

मंग आली नवी सापशिडी. कुठल्याशा छापखान्यानं काढल्याली, शिकवनीची. दोन लेकरं झाली की शिडी, सरळ वर पक्क्या घरात. तिसरं झालं की बारका साप. चौथं झालं की ह्यो मोठा अजगर, शेपूट पार खाली मोडक्या झोपडीत!

शेवंताचा फासा असा वंगाळ, चार डाव चार बारी अजगराच्या तोंडात. आमी हासतोय, ती गुमान खाली येती. पाचव्या बारीला परत तिथंच! पन आता ती गोटी हलवंना.

"खाली ये की शेवंते," हौसा म्हनली.

"न्हाई येनार."

"अगं, चौथं लेकरू झालं तुला!"

"माझी चौथी रखमा हाय. श्रीरामपुरात नर्सचं शिकती. तिला अजगर म्हनतंय व्हय ह्ये?"

एवढं लांब बोलनं मी तिच्या तोंडून पयल्यांदाच ऐकलं! तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली. अजगराच्या अंगावर आडव्या आडव्या रेघा मारल्या, तोंडापासनं शेपटापतूर, झाली शिडी. मंग शेपटाचं टोक फिरवून वर पक्क्या घराला नेऊन जोडलं आन् गोटी घिऊन सरळ घरात गेली!

दुकानदार काय ती सापशिडी परत घिईना. साहेबानं कपाळावर हात मारला. वहीत मी लिवलं, 'दुरुस्ती केली. आता ठेवायला हरकत न्हाई.'

*

बुद्धिबळ आलं तवा साहेब सोता शिकवायला आला. "हा राजा."

"राजा काय करतो?"

"एक घर चालतो. आणि हा वजीर. हा कुठेही, कितीही लांब जातो."

हौसा म्हनली, "आन् ह्या बारक्या?"

"ती प्यादी. एक एक घर पुढेच जायचं. मागं येता येत नाही."

"मागं का न्हाई?"

"नियमच आहे तसा."

"म्हंजी सून हाय!" हौसा म्हनली. "म्हायेरी जायचं नाव न्हाई."

साहेब जरा घोटाळला. म्हनला, "पण प्यादं मार चुकवत चुकवत पलीकडच्या शेवटच्या घरात पोचलं ना, की त्याचा वजीर होतो. मग ते पाहिजे तिकडे फिरतं, पाहिजे त्याला मारतं."

आमी तिघींनी एकमेकींकडं बगितलं. हौसानं टाळी वाजवली, "झाली की गं सासू!"

साहेब असा हासला, असा हासला, डोळ्याला पानी आलं. म्हनला, "आमच्या घरी आई आणि वहिनी... जाऊ दे." आन् टेकला की आमच्याबरूबर फरशीवर, इस्त्रीच्या पँटीनिशी! त्या दिवशी मला पयल्यांदा वाटलं, आपला बुधवार जमतोय.

वहीत लिवलं, 'खेळ घरोघरचा हाय. साहेबाला नवा.'

*

टेबल टेनिसचं सांगायचं म्हंजी हौसामुळं वाटुळं झालं. लाकडी थापटनं दिलं हातात तर ती म्हनती, "ह्येचं काय काम? मला हात हायेत." आन् भाकरी थापल्यावानी दिली एक चपराक! चेंडू जाळीवरनं गेला, साहेबाच्या कानाजवळनं गेला, खिडकीतनं भाईर गेला.

तीन चेंडू आल्याले. तिन्ही असेच भाईर गेले. दोन घावले, तिसरा काय घावंना. साहेबानं चार दिस हुडकला. गवतात बगितलं, गटारीत बगितलं, चाळीतल्या एकेका लेकराच्या खिशात बगितलं.

पाचव्या दिवशी हौसा सांगत आली, "साहेब, चेंडू घावला! पन लगेच मिळायचा न्हाई."

कँटीनमागं तिची तांबडी कोंबडी खुडूक बसल्याली. खाली सात अंडी आन् आठवा चेंडू! साहेबानं हात घातला तर कोंबडीनं असा टोचा मारला, साहेब पुन्याच्या भाषेत वरडला!

हौसा म्हनली, "एकवीस दिस थांबा की साहेब. तिला बी कळू द्या, चेंडूतनं काय निघत न्हाई."

वहीत लिवलं, 'कोंबडीला पसंत. बाकी कुनाला न्हाई.'

*

सीझन संपत आला. शेवटचा खेळ म्हंजी भला मोठा क्यारम बोर्ड, आरशावानी चकचकीत. वरनं टाकायची पावडर संपल्याली, तर हौसानं मिलोचं पीठ भुरभुरलं. श्ट्रायकर असा सुळकन पळाला! हौसा म्हनली, "बाई बाई, वर्सभर खाल्लं, पन ह्या मिलोचा गुन आज दिसला!"

आन् शेवंता! लहानपनी ज्वारीच्या रानात, माळ्यावर उभी ऱ्हाऊन गोफनीनं पाखरं उडवल्याली बाई ती. श्ट्रायकरला नुसतं नख लावायची, सोंगटी भोकात! पंधरा दिसांत तिची एक सोंगटी हुकल्याली मी बगितली न्हाई.

सोळाव्या दिवशी कमिटी आली. चेअरमन आबा पुढं, धोतर, पटका, हातात काठी. मागं पाच जन. साहेबानं धीर करून आमचा अर्ज पुढं ठिवला, बायांना दर बुधवारची दुपार पाहिजे.

एक मेंबर म्हनला, "आज हाल मागतील, उद्या पंखा मागतील!"

दुसरा म्हनला, "आन् बायांना खेळातलं काय कळतं?"

साहेबानं वही काढून आबांच्या हातात दिली. आबा वाचाया लागले. एक पान, दोन पानं. तोंड गंभीर, पन पटक्याचा शेमला हालाया लागला. वही मिटली आन् म्हनले, "ह्यात क्यारमचा अभिप्राय न्हाई."

मी म्हनले, "त्यो अजून चाललाय, आबा."

आता आबा म्हंजी क्यारमचे लई शौकीन. पन दुख एकच. चेअरमनला हरवनार कोन? समदे मुद्दाम हरायचे, आन् त्ये आबांना कळायचं. चिडून अर्ध्या डावातनं उठायचे. त्यांनी आमच्याकडं बगून इचारलं, "तुमच्यात चांगलं कोन खेळतं?"

आमी शेवंताला पुढं ढकललं. साहेबानं सोता खुर्ची वढून तिला दिली.

आबा म्हनले, "पोरी, जिंकलीस तर ह्यो येक बुधवार तुमचा. बसा पंख्याखाली."

शेवंता म्हनली, "आन् हारले तर?"

"हारलीस तर शिकून परत ये. पन मुद्दाम हारू नगंस. मला कळतंय!"

डाव सुरू झाला. शेवंतानं एकामागं एक चार सोंगट्या घातल्या, पाचवी आबांच्या सोंगट्यांआड दडली. आबांनी काठी भिंतीला टेकवली आन् पटका काढून ठिवला. त्यांनी पाच घातल्या. तिनं रानी घेतली, वर आपली सोंगटी बी घातली. मेंबर खुर्च्या सोडून बोर्डाभवती उभे! आबांचं तोंड लहान लेकरावानी झाल्यालं. कुनीतरी खरंखुरं खेळत हुतं त्यांच्याशी.

शेवटाला दोघांची एकेक सोंगटी ऱ्हायली. पाळी शेवंताची. तिची सोंगटी भोकाच्या तोंडावर, अशी की नुसती फुंकर मारली तरी आत पडावी. हौसानं माझा दंड आवळला. साहेबानं डोळं मिटून घेतलं.

शेवंतानं श्ट्रायकर ठिवला. नेम धरला. सोडला.

हुकला!

सोंगटीला शिवला बी न्हाई. आबांनी आपली सोंगटी घातली. डाव संपला.

आबांनी भोकाच्या तोंडावरची तिची सोंगटी बगितली, मंग शेवंताकडं बगितलं. शेवंता वर पंख्याकडं बगत हुती.

मंग आबांनी वही वढली, साहेबाच्या खिशातला पेन काढला आन् मोठ्या अक्षरात लिवून खाली सही केली. मी वाकून वाचलं—

'बायांना क्यारम अजिबात येत न्हाई. दर बुधवारी दुपारी सराव पाहिजे. मी सोता येईन.'