वाटी विसळून

बाबांना माझ्याकडे अमेरिकेत, नोव्हायला येऊन दोन महिने झाले होते आणि गुरुवारी त्यांचं परतीचं विमान होतं. त्याआधी त्यांना एकदा तरी बाहेर जेवायला न्यायचंच, असा मी चंग बांधला होता. ते मात्र बधत नव्हते. "तुम्ही जा, मी खिचडी टाकतो," हे एकच पालुपद. कारण मला पक्कं ठाऊक होतं. ते कारण मीच होते.

बाबा चिपळूणचे, निवृत्त शिक्षक. जेवण संपलं की आमटीच्या वाटीत पाणी ओतायचं, एक बोट फिरवायचं आणि ती विसळून ते पाणी पिऊन टाकायचं, ही त्यांची जन्माची सवय. अन्नाचा कण वाया जाता कामा नये. महिन्यापूर्वी माझ्या ऑफिसच्या टीमबरोबर जेवायला गेलो, तिथेही त्यांनी तेच केलं. माझा मॅनेजर सभ्यपणे खिडकीबाहेर बघू लागला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत बसल्याबसल्या मी तोंड सोडलं. "बाबा, प्लीज! इथे असं कोणी करत नाही. सगळे कलीग्ज बघत होते. किती ऑकवर्ड झालं मला!"

"बरं," बाबा म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून घरीसुद्धा त्यांची वाटी तशीच सिंकमध्ये जायला लागली. घरी चालतं हो, असं म्हणायला मी कितीदा तोंड उघडलं असेल. पण माफी मागणं आमच्या घराण्यात कुणालाच जमत नाही आणि मी त्यातली अव्वल.

शेवटी माझा वाढदिवस कामी आला. नवरा कामासाठी बाहेरगावी, आई पुण्यात माझ्या बहिणीच्या बाळंतपणात अडकलेली. "वाढदिवसाला मी एकटीनेच जेवायचं का?" असं म्हटल्यावर बाबा मुकाट्याने बूट घालायला लागले.

गाड्यांच्या कंपन्यांमुळे आमच्या भागात जपानी लोक पुष्कळ. त्यांच्यातल्याच एका कुटुंबाचं हे छोटंसं रेस्टॉरंट. तिथे दोनच गोष्टींची ख्याती: बकव्हीटच्या नूडल्स, म्हणजे सोबा, आणि तांदळाची दारू, साके. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, बाहेर लख्ख ऊन. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे बसले होते.

वाढायला साठीच्या एक जपानी बाई होत्या. मनातल्या मनात मी त्यांना लगेच मावशी करून टाकलं. ड्राइव्ह मला करायचं होतं, म्हणून साके फक्त बाबांसाठी मागवली. मावशींनी लाकडी चौकोनी डबीत ग्लास ठेवला आणि ओतायला सुरुवात केली. ग्लास भरला तरी त्या थांबेनात.

"अगं, सांडतंय! सांग त्यांना!" बाबा अर्धे उठलेच.

मावशी हसल्या. मुद्दामच सांडायची असते म्हणे, पाहुण्याला थोडी जास्त मिळावी म्हणून. ग्लास संपला की डबीतलीही प्यायची. बाबांनी ग्लास संपवला, डबी उचलली आणि तिच्या कोपऱ्याला ओठ लावून शेवटचा थेंबही सोडला नाही.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचे डोळे हसले. मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच भाज्यांची जपानी भजीही मागवली.

मग बांबूच्या चटईवर थंडगार, करड्या नूडल्स आल्या. शेजारी कपात मासळीच्या अर्काचं काळसर सार. त्यात बुडवायच्या आणि भुरका मारायचा. बाबांनी काड्या पहिल्याच मिनिटाला बाजूला ठेवून काटा मागितला. "नाचणीच्या शेवयांची बहीण दिसते ही," असं म्हणत त्यांनी चटई साफ केली.

कपाच्या तळाशी थोडं सार उरलं. बाबांचा हात सवयीने पाण्याच्या ग्लासाकडे गेला आणि अर्ध्यातून मागे आला. मी ते बघितलं. मी बघितलं, हे त्यांनीही बघितलं.

तेवढ्यात मावशी एक झाकणाचं भांडं घेऊन आल्या आणि त्यातलं गढूळ, वाफाळतं पाणी त्यांनी सरळ आमच्या उष्ट्या कपांत ओतलं. नूडल्स उकडलेलं पाणी. उरलेल्या सारात मिसळून प्यायचं, त्याशिवाय जेवण पुरं होत नाही, असं त्यांनी सांगितलं.

तेवढं इंग्रजी बाबांना कळलं होतं. तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. ज्यांनी मला घास भरवले ते माझे त्र्याहत्तर वर्षांचे बाबा मला विचारत होते, पिऊ का? मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती, त्या मॅनेजरसमोरही नाही.

"बाबा, चुकलं माझं."

"आधी पी," बाबा म्हणाले. "गार होईल."

आम्ही प्यायलो. गरम, किंचित खारट, थोडं कटाच्या आमटीच्या वळणावर जाणारं. बाबांनी कपात बोट फिरवलं आणि चकचकीत तळ मावशींना दाखवला. मावशी खूश होऊन कमरेत वाकल्या. बाबाही उठून वाकले. मग त्या परत वाकल्या, म्हणून हे परत. दोघांपैकी कोणी थांबायला तयार नव्हतं आणि हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आमटी-भात केला. जेवण झाल्यावर बाबांनी वाटीत पाणी ओतलं, बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता पिऊन टाकलं.