पोतंभर हत्ती

समोरच्याच्या हातात पेन्सिल दिल्याशिवाय ज्याला चहाचा घोट उतरत नाही, असा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात एकच असावा, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहुरीकडच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाले आणि त्यांना चित्रं काढायचा नाद लागला. चित्र येतं म्हणावं तर तसंही नाही. त्यांनी काढलेला कोंबडा त्यांच्याच बायकोनं मोर समजून देवघरात लावला होता. पण त्याचं त्यांना काडीचं दुःख नाही. त्यांच्या बैठकीत खुंटीला साखरेचं रिकामं पोतं टांगलेलं असतं. पाहुणा टेकला की कागद पुढे येतो. कपबशी काढा, खिडकी काढा, शेजारी बसलेली बायको काढा. बिघडलेलं चित्र पोत्यात. "पयलं पोतंभर वंगाळच येतं. ते भरल्याबिगर पुढचं न्हाई," असं ते कुणालाही ऐकवतात. शिर्डीच्या दर्शनरांगेत पुढच्या माणसाचं टक्कल त्यांनी इतकं मन लावून काढलं, की रांग पुढे सरकली आणि हे तिथंच. मागचे ओरडले, तर म्हणाले, "बाबा कुठं पळून जात न्हाईत. ह्यो मानूस जाईल." एआयकडून चित्र करून घेणाऱ्यांची तर त्यांना कीव येते. "मंजी विहिरीत शेजाऱ्यानं उडी मारायची, आन अंग आपन पुसायचं."

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्या गावाकडे लग्नघराच्या दाराशी, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर हत्ती काढतात. नगर शहरातल्या, सावेडीतल्या आमच्या घरालाही ते हवेत आणि पप्पांनीच काढावेत, एवढा एकच हट्ट मुलीनं धरला. मी हो म्हणालो. दर रविवारी साडू एसटीनं पोतं घेऊन यायचे आणि मी काढत बसायचो. माझे हत्ती कधी डुकराकडे झुकत, कधी टेम्पोकडे. मुलगी म्हणायची, "पप्पा, टेम्पो छान झालाय." ती प्रेमानं हसायची, पण मला व्याह्यांचं हसू ऐकू यायचं. शेवटी एका दुपारी, घरात कुणी नसताना, मी फोनमधल्या एआयला सांगून एक देखणा हत्ती करून घेतला, मोठा छापून आणला, आणि कार्बन पेपर लावून दोन्ही भिंतींवर गिरवून रंगवला. मुलगी आली, बघत राहिली, आणि माझ्या गळ्यात पडली. तेवढा अवघडलेला मी आयुष्यात कधी नव्हतो.

हळदीच्या आदल्या दिवशी साडू आले आणि दारासमोर कितीतरी वेळ उभे राहिले.

"साडू, ह्यांचं भांडान झालंय का?" त्यांनी मला विचारलं.

"कुणाचं?"

"हत्तींचं. ह्यो घरात येतोय, आन त्यो बाहेर चाललाय."

एकच छापील हत्ती मी दोन्हीकडे गिरवला होता. डावीकडचा दाराकडे तोंड करून होता आणि उजवीकडचा दाराला शेपूट दाखवून गेटाकडे निघाला होता. स्वतः काढले असते, तर दुसऱ्याचं तोंड वळवायचं मला सुचलं असतं. मुलगी तिथंच उभी होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. ती आत गेली. मला वाटलं, रुसली. ती पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन परत आली.

"पप्पा, मला तुमचा टेम्पोच हवा होता."

उजवीकडचा हत्ती आम्ही दोघांनी पुसला. मग मी खडू घेतला. "हात थरथरला तर थरथरू द्या," साडू मागून म्हणाले, "हत्ती काय तक्रार करत न्हाई." संध्याकाळपर्यंत तिथं एक जाड पायांचा, जरासा घाबरलेला हत्ती उभा राहिला. त्याचं तोंड मात्र दाराकडे होतं. लग्नाच्या दिवशी व्याही हसले, चांगले खदखदून हसले, आणि मग त्याच्याच शेजारी उभं राहून सगळ्यांनी फोटो काढून घेतले. देखण्या हत्तीकडे कुणी फिरकलं नाही.

पाठवणीची गाडी गेली. साडू पोत्याची घडी बगलेत धरून त्या हत्तीसमोर थांबले होते.

"त्वांड घराकडं हाय, ते बरं हाय," ते हळूच म्हणाले. "बाहेर जानारी एक होती, ती गेली."

आता घराला रंग द्यायला झालंय. रंगारी येऊन विचारतो, सुरुवात कुठून करू? मी त्याला मागची भिंत दाखवतो.