डावी खिडकी की उजवी?

दहिवलीत माझं आणि संदेशचं विमान तिकिटांचं छोटं ऑफिस आहे. तिकीट काढणं सोपं हो, खरी कटकट खिडकीची! कुणाला डोंगर दिसणारी बाजू हवी, कुणाला समुद्राची. सीट ठरली की गिऱ्हाईक निवांत, आणि ते उतरून फोन करेपर्यंत माझ्या येरझाऱ्या सुरू. संदेश म्हणतो, "विमान तू चालवतेस का गं?" अशा येरझाऱ्यांतच किस्से साठत गेले.

*

खालापूरचे एक रिटायर्ड गुरुजी बायकोला घेऊन दार्जिलिंगला निघाले. बागडोगऱ्याला उतरताना हिमालय डावीकडे दिसतो, पण खिडकी दोघांनाही हवी! संदेशने एकामागे एक अशा दोन डाव्या खिडक्या दिल्या.

परत आल्यावर मी आधी बाईंना गाठलं. "दिसला का हिमालय?"

"कुठला गं! हे सारखे मागे वळून विचारत होते, दिसला का, दिसला का. मला सगळा वेळ यांचंच तोंड दिसलं!"

*

कर्जतचे गॅरेजवाले दिलीपशेठ श्रीनगरला चालले होते. ऐनवेळी बुकिंग, खिडकी मिळाली ती नेमकी पंखावर. आता शेठ परत येऊन काय बोलतील, या विचाराने मला जेवण जाईना.

संध्याकाळी त्यांचाच फोन. "ताई, बर्फ काय दिसला नाय. पण पंखाचं काम एक नंबर हाय! एक स्क्रू ढिला नाय!"

*

एका नव्या जोडप्याला गोव्याला जाताना समुद्र बघायचा होता. जाताना समुद्र उजवीकडे. विमान उडालं आणि माझ्या लक्षात आलं, मी सीट दिल्यात डाव्या! जीव नुसता खालीवर. शेवटी ते उतरल्यावर मीच फोन करून माफी मागितली.

नवरदेव म्हणाला, "खिडकी होती का तिथं?"

*

आणि आमच्या सुमनमावशी. लेक हैदराबादला असते, तिच्याकडे पहिल्यांदाच विमानाने निघाल्या. काकांना विमानाची भीती, ते घरीच. मावशी म्हणाल्या, "आपलं घर दिसंल अशी खिडकी दे." काका म्हणाले, "मी गच्चीवर लाल चादर घिऊन उभा राहतो!"

विमान दहिवलीच्या कुठल्या अंगाने जाणार, देव जाणे. अंदाजाने उजवी दिली. त्या दुपारी मी दहा वेळा बाहेर येऊन आभाळाकडे बघितलं.

तेवढ्यात काका ऑफिसात आले. घामाघूम, काखेत चादर. "दिसली रं संदेश! खिडकीत होती. हात बी हलवलान् तिनं!"

संदेशने गुपचूप कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. फ्लाइट लेट. विमान अजून मुंबईतच उभं होतं!

इतक्यात माझा मोबाइल वाजला. मावशी! काकांनी तो हातातून ओढूनच घेतला. "सुमन, दिसलो का गं मी?"

पलीकडे एअरपोर्टची अनाउन्समेंट चाललेली आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती.

"दिसलात की," मावशी म्हणाल्या. "चादर जरा वर धरायची ना!"